ठमीचा पायगुण

घरी तिला ठमी म्हणायचे, आणि ही गोष्ट तिच्या घरच्यांपर्यंत जाणार असल्यामुळं आपणही ठमीच म्हणू. हॉस्पिटलात ती ‘मॅडम’ होती. हृदयाच्या ठोक्यांचे बिघाड दुरुस्त करणारी डॉक्टर होण्यासाठी जे शिक्षण लागतं, त्याचं तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. हे शिक्षण म्हणजे मारुतीचं शेपूट. आधी नुसतं डॉक्टर व्हायचं, मग अंगातली सगळी दुखणी शिकायची, मग फक्त हृदय, आणि मग हृदयातली फक्त वीज. बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जायला लागली तरी हिच्या परीक्षा संपेनात. आई फोनवर विचारायची, “एवढंसं ते हृदय, त्यातलं आणखी काय शिकायचं राहिलंय गं?”

या शिक्षणाला माणसं येतात तीही कुठून कुठून. ठमीच्या सरांचं बालपण मामाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलं होतं, आणि अजूनही ते पडद्यावरच्या रेघा बघताना कान पुढं करायचे. तिच्याबरोबर शिकणारा दुसरा डॉक्टर आधी वीजकेंद्रात नोकरीला होता, ती सोडून तो डॉक्टर झाला, म्हणून त्याला सगळे ‘इंजिनीअर’ म्हणत. ठमीचे वडील टायपिंगच्या क्लासचे मास्तर. लहानपणी ती क्लासच्या कोपऱ्यात बसून डोळे मिटून ओळखायची, कोणत्या मशीनवरच्या मुलाची लय चुकली ते. सरांनी मुलाखतीत हे ऐकलं आणि पुढचं काही न विचारता तिला घेऊन टाकलं.

तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. तिथलं काम जगाच्या उलटं चालायचं. बाकीचे डॉक्टर रोगाला घालवतात, हे आधी बोलावतात. त्याला कारण आहे. ठोक्यांचा बिघाड मोठा लबाड. घरी बुटाची नाडी बांधताना येईल, माणसाला जमिनीवर पाडेल, आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत असा नाहीसा होईल की बिचारा रोगीच खोटा ठरावा. म्हणून पेशंटला टेबलावर झोपवायचं, मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत न्यायच्या, आणि तारेतून जादा ठोके देऊन हृदयाला चिडवायचं. चिडलं की बिघाड उठतो. मग तो कुठून उठला ती तांदळाच्या दाण्याएवढी जागा शोधून तिथं चटका द्यायचा. हे चालू असताना शॉक देणारं मशीन उशाशी तयार ठेवायचं, कारण कधीकधी भलतंच उठतं. सर म्हणायचे, “बोलावल्याशिवाय येत नाही आणि आल्याशिवाय जात नाही. पण घालवायची काठी हातात असल्याशिवाय बोलावू नका.”

बोलावूनही न येणारे बिघाड असायचेच. एकदा एक शिंपी टेबलावर होता. महिन्यातून दोनदा शिवता शिवता बेशुद्ध पडायचा. सर आणि इंजिनीअर सकाळपासून त्याच्या हृदयाला चिडवत होते, औषध देऊन झालं, पण ते हृदय गायीसारखं गरीब. ठमी त्या दिवशी बाहेर ओपीडीत होती. सरांची सही हवी होती म्हणून तिनं एक्स-रे अडवणारा शिशाचा एप्रन चढवला आणि दार ढकलून आत पाऊल टाकलं. पडद्यावरच्या रेघा एकदम उसळल्या.

“आली रे आली!” सर ओरडले. शिंप्याचा बिघाड दुपारपर्यंत जळून खलास झाला.

पुढच्या आठवड्यात एका मुख्याध्यापिकेच्या वेळी तसंच झालं, त्यानंतर एका टॅक्सीवाल्याच्या वेळी. इंजिनीअरनं मग जाहीरच करून टाकलं, “मॅडमचा पायगुण आहे!” तेव्हापासून एखादं हृदय दाद देईनासं झालं की सिस्टर ठमीला जेवणावरून उठवायला यायची. “सर म्हणतात, नुसत्या येऊन उभ्या राहा.” ठमी हात धुवायची, एप्रन चढवायची, नुसती जाऊन उभी राहायची, आणि ते यायचं.

खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. शिकणाऱ्या माणसाच्या वाट्याला कौतुक येतं किती? सगळे हसायचे, तीही हसायची.

हसणं बंद झालं ते पोहायला शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांमुळं. त्यांचंही असंच अडलं होतं आणि ठमी आल्यावर सुटलं होतं. टेबलावर त्यांचं तोंड दाराच्या उलट बाजूला होतं, तिला त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती त्यांच्या पायाशी उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, “काल तुम्हीच आला होतात ना? जिन्यात होतात तेव्हाच मला कळलं.”

“कसं काय?”

“छातीत कुणीतरी उठून उभं राहिलं. घरात मोठं माणूस आलं की आपण उठतो ना, तसं. अदबीनं.”

ते हे अगदी साधेपणानं म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

त्यानंतर तिला बाहेरही दिसायला लागलं. कँटीनचा गल्लेवाला तिला सुटे पैसे देता देता थांबायचा आणि छातीवर हात ठेवायचा. बाकावर नातेवाइकाची वाट बघत बसलेला एक तगडा गडी, ती शेजारून गेली की खोकून घ्यायचा, पाणी मागायचा. सगळ्यांना तसं होत नव्हतं. तिच्याबरोबर रोज वावरणाऱ्या सरांना, इंजिनीअरला, सिस्टरला कधी काही झालं नाही. ज्याच्या आत काही दडून बसलेलं होतं, त्याचंच उठत होतं. तिला वाटलं, आपण भलतंच मनावर घेतोय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणून तिनं करून बघितलं. टेबलावर पेशंट असताना ती काचेपलीकडच्या, पडदे बघायच्या शेजारच्या खोलीतून आत गेली, पडद्यावर वेडेवाकडे ठोके आले. बाहेर आली, थांबले. पुन्हा गेली, पुन्हा आले.

वळली तर मागं इंजिनीअर उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

“कावळा बसायला आणि फांदी मोडायला,” ठमी ओशाळून म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “पण रोज?” आणि तो कामाला निघून गेला.

मग ठमीला घराची भीती वाटायला लागली. बाबांना दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला होता. हृदयाचा एक तुकडा त्यात मेला होता. अशा मेलेल्या भागाच्या काठानं वीज वाट चुकते, आणि चुकली तर माणूस उभ्याचा आडवा होतो, हे ठमीला कुणी शिकवायला नको होतं. ती सुट्टी टाळायला लागली. कधी ड्यूटी सांगितली, कधी परीक्षा. शेवटी आई रडली तेव्हा ती गेली.

दार बाबांनीच उघडलं. “या ठमाबाई! वाट चुकलात वाटतं?” असं म्हणून त्यांनी तिची बॅग घेतली, भिंतीला टेकले, आणि तसेच घसरत खाली बसले. ठमीचा हात त्यांच्या मानेवर होता. बोटांखाली काही क्षण नाडी नव्हती, नुसतं कापरं होतं. तिला सुचलं ते एवढंच, की ती उठली आणि उघड्या दारातून जिन्याच्या खालच्या वळणापर्यंत पळत गेली. डॉक्टर असून बापाला टाकून पळाली. वरून आईचा आवाज आला, “अगं, उठले, उठले! तू कुठं गेलीस?”

“उन्हातून आत आलो, म्हणून झालं असेल,” बाबा पाणी पिता पिता म्हणाले. ते दिवसभर घराबाहेर पडलेच नव्हते.

ठमीनं सरांना सांगितलं, पळाल्याचं वगळून. सरांनी बाबांचे सगळे रिपोर्ट पाहिले. हृदयाची ताकद ना धड चांगली, ना धड वाईट. “तपासणी करू,” सर म्हणाले. “बोलावून बघू. आलं, तर छातीत यंत्र बसवू. मग ते पुन्हा कधीही उठलं तरी यंत्र आतूनच शॉक देऊन घालवेल. नाही आलं, तर गोळ्यांवर ठेवू आणि घरी पाठवू. आणि तू खोलीत यायचं नाहीस. घरचं माणूस टेबलावर असताना आपण आत नसतो, नियम आहे.”

हा नियम ऐकून कुणाला एवढा आनंद झाला नसेल. तपासणीच्या दिवशी ठमी हॉस्पिटलच्या आवारातही थांबली नाही. बसमध्ये बसली आणि शेवटच्या स्टॉपला उतरली. तिथं एक बाक होता, मागं गोदामाची भिंत. ती त्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसली. आपण जितक्या लांब तितके बाबा सुखरूप, एवढं एकच गणित तिच्या डोक्यात होतं.

दुपारी इंजिनीअरचा फोन आला. “स्वच्छ. दोन जागांवरून चिडवलं, औषध देऊन बघितलं, काहीही आलं नाही. तुझे बाबा टेबलावर आम्हाला जोक सांगत होते.”

ठमी बाकावर बसून ढसाढसा रडली. मग टपरीवरून बिस्किटांचा पुडा घेतला आणि सगळा संपवला. परतीच्या बसमध्ये तिला छान झोप लागत होती, आणि अर्ध्या वाटेत ती एकदम ताठ बसली.

आज ते आलं तरी चालण्यासारखी जगात एकच जागा होती. तिथं सर होते, सिस्टर होती, शॉकचं मशीन उशाशी होतं. तिथं ते आलं असतं तर कागदावर उतरलं असतं, यंत्र बसलं असतं, बाबा वाचले असते. आणि नेमकी तिथंच ती गेली नव्हती. आता बाबा घरी जाणार, गोळ्या घेणार, आणि कधीतरी तीही घरी जाणार. दार उघडायला बाबाच येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सरांना खोलीच्या दारातच गाठलं. “सर, बाबांची तपासणी परत करा. मी आत असताना.”

सर आधी हसले. मग तिचा चेहरा बघून चिडले. “उपचार पुराव्यावर होतात. पायगुणावर नाही.”

“मग मला जेवणावरून कशाला उठवायचात?”

“ती गंमत होती.”

“रोज?”

सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. “दुपारी घरी सोडायचंय त्यांना. जाऊन भेटून ये,” असं म्हणून ते आत गेले आणि दार त्यांच्या मागं मिटलं.

ठमी भिंतीला टेकून उभी राहिली. भेटून ये म्हणे. तेवढ्यात जिन्यातून चपलांचा आवाज आला, आणि कठड्यावर बोटं वाजवत बाबा वर आले. हॉस्पिटलचा ढगळ सदरा, केस नीट विंचरलेले.

“लिफ्ट नाही घेतली,” ते दम खात म्हणाले. “म्हटलं, पास झालेल्या माणसानं जिन्यानंच जावं. काय ठमे, निकालाच्या दिवशी पालक गैरहजर?”

“बाबा, तिथंच थांबा.” ती दोन पावलं मागं सरली.

ते पुढं आले. “का गं?”

ती आणखी मागं गेली. ते आणखी पुढं. असं करत दोघं व्हरांड्याच्या टोकापर्यंत आले. बाबांना आधी मजा वाटली, मग त्यांचा चेहरा उतरला. “अगं, पळतेस काय माझ्यापासून? परवा घरीसुद्धा पळालीस. आईला बोललो नाही मी, पण डोळे उघडले तेव्हा तुझी पाठ दिसली मला.” ते छाती चोळत होते. त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. “काही चुकलं का माझं?”

ठमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज पळेल, उद्या पळेल. हा माणूस डबा घेऊन तिच्या खोलीवर येईल, बसस्टॉपवर येऊन उभा राहील. बापापासून किती दिवस पळणार? तिची पाठ दाराला लागली होती. ते त्या खोलीचंच दुसरं दार होतं.

तिनं पाठीनं दार ढकललं. “बाबा, आत चला. दोन मिनिटं आडवे व्हा.”

टेबल रिकामं होतं. सर, इंजिनीअर आणि सिस्टर पुढच्या पेशंटची तयारी करत होते. “हे काय चालवलंयस?” सर म्हणाले.

“तार नाही, सुई नाही, औषध नाही, सर. छातीला नुसत्या पट्ट्या लावा. आणि मी.”

सरांना एका शब्दात तिला हाकलता आलं असतं. पण त्यांनी शॉकचं मशीन स्वतःच्या हातानं टेबलाजवळ ओढलं. त्यावरून ठमीला समजलं, की त्यांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ती दारापर्यंत मागं गेली. बाबांच्या छातीवर पट्ट्या लागल्या. “पास झालेल्याची परत परीक्षा?” ते सिस्टरला म्हणाले. “आमच्या क्लासात असं नव्हतं हो.” पडद्यावर ठोके शहाण्यासारखे एकामागून एक चालले होते.

ठमी निघाली. पहिल्या काही पावलांत काहीच झालं नाही, आणि तिच्या मनात वेडी आशा आली. निम्म्यात पोचली तेव्हा एक ठोका वाकडा पडला. मग दोन. बाबा बोलता बोलता खोकले. थांबावं, मागं फिरावं, असं तिला वाटत होतं. जन्म दिला त्या माणसाकडं ती जाणूनबुजून चालत होती, आणि काय घेऊन चालत होती हे तिला माहीत होतं. ती टेबलाशी पोचली आणि तिनं बाबांचा हात हातात घेतला. त्यांची बोटं सवयीनं तिच्या तळव्यावर टायपिंग करायला लागली.

“किती गार हात तुझा,” बाबा म्हणाले. “जेवतेस का नाही वेळेव—”

बोटं थांबली. पडद्यावर रेघांचा नुसता गुंता झाला.

“हात सोड! बाजूला!” सर ओरडले. शॉक बसला, बाबांचं अंग उचललं गेलं आणि खाली पडलं. गुंता तसाच. सिस्टर छाती दाबायला लागली. इंजिनीअरनं पुन्हा मशीन भरलं. दुसरा शॉक. गुंता तसाच. ठमी एका पावलावर थिजून उभी होती.

सरांनी मान वर केली. त्यांच्या आवाजात तिनं कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. “तू बाहेर हो. ठमे, बाहेर हो!”

हे नाव त्यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न तिला पुष्कळ नंतर पडला. ती पळाली. तिच्या मागं दार मिटलं आणि आतून तिसऱ्या शॉकचा आवाज आला.

ती काचेपलीकडच्या खोलीत पोचली तेव्हा पडद्यावर ठोके होते. एक, मग जरा थांबून दुसरा, मग ओळीनं सगळे. बाबांचे डोळे मिटलेले होते, पण पोट वरखाली होत होतं. सर कागदाची पट्टी फाडून इंजिनीअरला दाखवत होते. पुरावा मिळाला होता. आज दुपारीच यंत्र बसवायचं ठरत होतं. ठमी खुर्चीत बसली. वाचले, एवढा एकच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग सरांनी काचेतून तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. चालत दारापाशी गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. ती आत असताना दोन शॉक वाया गेले होते, आणि छातीतलं यंत्रही शॉकच देणार होतं.

काही वेळानं बाबांनी डोळे उघडले. “ठमी कुठं गेली?”

सिस्टरनं उगाच चादर सारखी केली.

काचेजवळ आतल्यांशी बोलायचा माइक होता. ठमीनं त्याचं बटण दाबलं. “इथंच आहे, बाबा.”

छतातल्या स्पीकरमधून आवाज आला म्हणून ते आधी वर बघायला लागले. मग काचेकडं वळले. “दिसत नाहीस गं नीट.”

“काचेमागं आहे.”

“मग आत ये की,” बाबा म्हणाले, आणि तिला बसता यावं म्हणून टेबलाच्या कडेला थोडे सरकले.